किनाऱ्यावरची जुनी वॅगनआर : चाळीस हजारांत केलेले, डोळ्यांना न खुपणारे बदल

खाडीकाठ (रत्नागिरी तालुका) – १८ मे

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी २०१३ सालची, एमएच-०८ पासिंगची पेट्रोल वॅगनआर आहे, तीही साध्या एलएक्सआय प्रकारातली. बाबांनी ती नवी घेतली होती आणि आता ती माझ्या हाती आली आहे. तिचे ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ९४,००० किलोमीटर चालूनही ठणठणीत आहे. आई, बाबा, पत्नी, मुलगी आणि मी अशी पाच माणसे तिच्यातून फिरतो, मे महिन्यात मागची सीट पाडून आंब्याच्या पेट्या नेतो आणि गणपतीत स्टेशनवरून पाहुणे आणतो. नवी गाडी घेण्याची ऐपत सध्या नाही आणि खरे सांगायचे तर गरजही नाही. म्हणून चाळीस हजार रुपये बाजूला काढून हीच गाडी मनासारखी करून घ्यायची असे आम्ही ठरवले. काम गेल्या आठवड्यात पुरे झाले. ते सविस्तर लिहितो, कारण गाड्यांच्या सजावटीवर जे वाचायला मिळते ते बहुतेक इमारतीखाली झाकून ठेवलेल्या शहरी गाड्यांबद्दल असते, आणि आमची गाडी मात्र माडाखाली, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, खाऱ्या वाऱ्यात उभी असते.

आधी एक कटू अनुभव सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून आले. तीन वर्षांपूर्वी मी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गाडीला फॉग लॅम्प आणि डॅशबोर्डखाली निळ्या दिव्यांची पट्टी बसवून घेतली होती. दुकानातल्या मुलाने पार्किंग लाइटची तार मध्येच सोलली, तिच्यावर नवी तार पिळली आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्याच जुलैत कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरत असताना रात्री फ्यूज उडाला आणि टेल लाइट व मीटरचे दिवे एकदम गेले. मागून ट्रक येत होते आणि धुके इतके होते की रस्त्याची कडा दिसत नव्हती. आई मागच्या सीटवर होती. इंडिकेटर चालू ठेवून, कडेकडेने आम्ही साखरप्याला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती चिकटपट्टी सोडवली, तेव्हा आत तांब्याच्या तारेचा पार हिरवा भुगा झालेला होता. बोट लावताच तो झडून पडला. खारी हवा आणि पावसाचे पाणी मिळून उघड्या जोडाचे एका मोसमात काय करतात, ते मी त्या दिवशी पाहिले.

त्यामुळे या वेळी एकच कसोटी ठेवली : जो बदल करू तो कारखान्यातूनच तसा आला असावा असा दिसला पाहिजे आणि तो आमच्या हवेत, आमच्या रस्त्यावर टिकला पाहिजे. कंपनीची एकही तार कापायची नाही आणि पत्र्याला शक्यतो एकही नवे भोक पाडायचे नाही.

सर्वांत पहिले पैसे गंजावर खर्च केले. बाहेरून गाडी चकचकीत दिसत होती, पण लिफ्टवर चढवून मागच्या चाकांच्या कमानींच्या आतला चिखल धुतला, तेव्हा डाव्या बाजूला तळहाताएवढा गंज निघाला. जांभ्याची तांबडी माती अतिशय बारीक असते. ती कमानीच्या दुमडीत जाऊन बसते, ओल धरून ठेवते, आणि हवेतल्या मिठामुळे ती ओल लवकर सुकतच नाही. वरून डांबरासारखे काळे अंडरकोटिंग मारून हे झाकता आले असते, पण गंजावर कोटिंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासले, गंज कन्व्हर्टर, म्हणजे उरलासुरला गंज निष्क्रिय करणारे रसायन, लावून एक रात्र ठेवले, मग झिंक प्रायमरचे दोन हात दिले आणि ते पूर्ण वाळल्यावरच रबरी कोटिंग मारले. दारांच्या खालच्या पोकळ पेटीत, म्हणजे ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात त्यात, मूळची रबरी बुचे काढून लांब नळीने पातळ मेणाचा फवारा मारला. पाणी निघून जाण्याची जी भोके कंपनीने ठेवलेली असतात, ती काम सुरू होण्यापूर्वी मी स्वतः खडूने वर्तुळे काढून दाखवून ठेवली होती आणि शेवटी प्रत्येकातून तार घालून ती मोकळी असल्याची खात्री केली. या सगळ्याचे ५,५०० रुपये झाले. त्यातले बाहेरून काहीही दिसत नाही, पण उरलेले पैसे या गाडीवर घालणे शहाणपणाचे ठरले ते या कामामुळे.

पुढचा निर्णय टायरांचा होता आणि त्यावर मी फार विचार केला. मित्रांचा आग्रह १४ इंची अलॉय व्हीलचा होता. पण आकडे मांडल्यावर चित्र बदलले. माझ्या गाडीचा मूळ टायर १४५/८० आर १३ आहे (रुंदी १४५ मिलीमीटर, भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची), म्हणजे त्याचा एकूण व्यास ५६२ मिलीमीटर भरतो. वरच्या व्हीएक्सआय प्रकाराला येणारा १५५/६५ आर १४ घेतला तर रिम मोठी दिसते, पण टायरची भिंत बारीक असल्याने व्यास ५५७ मिलीमीटरच होतो, म्हणजे गाडी अडीच मिलीमीटर खाली बसते. याउलट मूळच्याच १३ इंची पोलादी रिमवर १५५/८० आर १३ चढवला तर व्यास ५७८ होतो. गाडी आठ मिलीमीटर वर उचलली जाते, खड्ड्यांत मार खायला टायरची भिंतही जास्त मिळते, आणि टायरचा भारांक ७५ वरून ७९ होतो, म्हणजे प्रत्येक टायर ३८७ किलोऐवजी ४३७ किलो वजन पेलू शकतो. व्यास २.८ टक्के वाढल्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा चाकांच्या हिशेबाने वेग सव्वादोन किलोमीटरने जास्त असतो, ते लक्षात ठेवावे लागते. रिमच्या रुंदीला हा टायर चालतो का, हे टायरवाल्यांच्या तक्त्यात पाहून घेतले आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून तो कमानीला कुठे घासत नाही याचीही खात्री केली.

प्लास्टिकच्या व्हील कॅप काढून टाकल्या. पाचही रिमा घासून त्यांना राखाडी रंगाचे पावडर कोटिंग करून घेतले आणि मध्यभागी कंपनीचेच छोटे काळे टोपण बसवले. पांढऱ्या गाडीला काळ्या टायरमध्ये ती साधी राखाडी रिम इतकी शोभते की, मला स्वतःला अलॉयची आठवणही राहिली नाही. टायरांना १२,८०० रुपये, रिमांना ३,५०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंगला ६०० रुपये लागले.

तिसरे काम दिव्यांचे होते. हेडलाइटची काच पिवळट आणि धुरकट झाली होती. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असते आणि उन्हाने तिचा वरचा थर मरतो. ते काम मी घरीच केले. भोवतीच्या रंगावर टेप लावून, पाणी मारत आधी ८०० नंबरचा, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. पहिल्या पेपरला काच दुधासारखी पांढरी होते आणि छातीत धस्स होते, पण घाबरू नये. प्रत्येक पुढच्या पेपरबरोबर ती उजळत जाते. शेवटी पॉलिश करून उन्हापासून संरक्षण देणारा क्लिअर कोट मारला नाही, तर सहा महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडते, म्हणून ती पायरी टाळू नये.

त्यानंतर मल्टिमीटर लावून पाहिले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बपाशी पोहोचत होते १२.६. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने कमी-जास्त होतो, त्यामुळे एवढ्याशा घटीतही साधारण पाव उजेड वाया जातो. म्हणून कपलरने, म्हणजे खटक्याच्या जोडाने, जोडता येणारे, स्वतंत्र फ्यूज असलेले रिलेचे वायरिंग घेतले. रिले म्हणजे बॅटरीची वीज जाड तारेने थेट बल्बला देणारा विजेचा स्विच. मूळ कपलर त्यात जातो, तार कुठेही कापावी लागत नाही आणि नको झाल्यास दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. बल्ब मात्र मूळ क्षमतेचेच, ६०/५५ वॉटचे, चांगल्या कंपनीचे घातले. काच, रिले आणि बल्ब मिळून २,५०० रुपयांत रात्रीचा रस्ता बदलला.

मागचे शॉकअप, पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरच्या लिंका, म्हणजे धक्के झेलणारे आणि वळणावर गाडी सावरणारे भाग, यांचे ८,५०० रुपये झाले. याला कोणी मॉडिफिकेशन म्हणणार नाही, पण गाडी आज ज्या डौलाने वळणे घेते तो डौल यातूनच आला. सीटना मापाने शिवलेली जाड कापडी कव्हरे घातली, त्यांचे ४,५०० रुपये झाले. दोन्ही पुढच्या दारांत आवाज दाबणारी ब्यूटाइलची शीट मी स्वतः चिकटवली, ती १,८०० रुपयांची होती. एकूण ३९,७०० रुपये झाले.

आपली मते, दुरुस्त्या आणि अनुभव अवश्य कळवावेत.


सुरंगी (वेंगुर्ले) – १९ मे

लेख फार आवडला. मी रोज सावंतवाडीला नोकरीसाठी जाते आणि माझ्याकडे अशीच जुनी हॅचबॅक आहे. मी चार वर्षांपूर्वी हौसेने अलॉय घातले. पहिल्याच पावसाळ्यानंतर लाखेच्या थराखाली पांढरे फोड आले आणि नंतर तो थर पापुद्र्यासारखा सुटू लागला. बंदराजवळ राहणाऱ्या कोणीही हा खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

सीट कव्हरविषयी थोडे वेगळे सांगते. आमच्याकडे आषाढ-श्रावणात चार दिवस गाडी बंद राहिली की कापडी कव्हरला बुरशीचा वास येतो. रेक्झिनवर बुरशी धरते, पण ती पुसता येते. कापडच ठेवायचे असल्यास ते काढून धुता येईल असे, चेन लावलेले शिवून घ्यावे आणि खालच्या फोमवर काहीही चिकटवू नये. माझे दोन प्रश्न आहेत. मागच्या काचेला वायपर नसल्याने पावसात मागचे काहीच दिसत नाही, तर तो नंतर बसवता येतो का? आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चढ-उतर सोपी व्हावी म्हणून काय करता येईल?


गलबत (हर्णै) – १९ मे

खाडीकाठ यांनी गाडी खाली न बसवता वर उचलली, याचा मला विशेष आनंद झाला. माझे दाभोळ–धोपावे फेरीबोटीने नेहमी जाणे-येणे असते. ओहोटीला, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी इतके उतरते की जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात मोठा कोन पडतो. स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या आणि पुढे बंपरखाली स्कर्ट लावलेल्या गाड्या त्या कोनात अडकलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. मागे रांग लागलेली असते, फळीवर शेवाळ असते, आणि बंपर तुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. वेसवी–बागमांडला आणि जयगड–तवसाळ या फेऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते.

दुसरे म्हणजे, आमच्याकडे येणारे पर्यटक गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, घालतात. तशी हौस करू नये. भरतीचे पाणी वाळूतून चाकाखाली कधी येते ते कळत नाही. आणि चुकून गेलीच गाडी, तर घरी आल्याबरोबर वरून धुण्यापेक्षा खालून गोड्या पाण्याचा फवारा मारावा.

आमच्या वाडीत जुने इंजिन ऑइल गाडीखाली मारण्याची पद्धत आहे. लाकडी होड्यांना तेल पाजतात, त्यावरून ती आली असावी. खर्च काहीच नाही. जाणकारांचे यावर काय मत आहे?


गॅरेजवाला (कुडाळ) – २० मे

बावीस वर्षे गॅरेज चालवतो आहे, त्या अनुभवावर लिहितो.

गलबत यांस : जुने ऑइल मारू नये. लाकूड तेल पिते, पत्रा पीत नाही. ते ऑइल बुशवर, सांध्यांवरच्या रबरी टोप्यांवर (बूटवर) आणि ब्रेकच्या रबरी होजवर उडते आणि रबर फुगून मऊ पडते. सायलेन्सरवर पडले तर धूर होतो, ड्रममध्ये शिरले तर ब्रेक लागत नाही. शिवाय धूळ त्याला चिकटून जी लाल खरपुडी तयार होते, तिच्याखाली ओल तशीच राहते. सिलच्या आत मेण आणि बाहेर रबरी कोटिंग ही खाडीकाठ यांनी केलेली विभागणी योग्य आहे. मेण मात्र दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावे लागते.

सुरंगीताईंस : मागचा वायपर नंतर बसवता येतो, परंतु त्यासाठी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराची मोटार, दांडा, वॉशरची नळी आणि वायरिंगचा मूळ संच लागतो. बाजारातला सर्वांना चालणारा संच घेऊ नये. पत्र्याला भोक पाडावे लागलेच, तर त्याच्या कापलेल्या कडेला त्याच वेळी प्रायमर लावून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालावा, कारण किनाऱ्यावर गंजाची सुरुवात नेमकी अशा उघड्या कडेपासून होते. भंगारात निघालेल्या गाडीचे वायपरसह अख्खे मागचे दार मिळाले, तर रंगाचा खर्च धरूनही ते काम अधिक नीटनेटके होते. तोपर्यंत काचेवर पाणी न ठरू देणारे द्रव्य दर महिन्याला लावल्यास बराच फरक पडेल.

सासूबाईंसाठी फार खर्च नको. छताजवळची हातपकड नसल्यास वरच्या प्रकाराची मूळ हातपकड त्याच स्क्रूच्या जागी बसते का ते पाहावे. बसण्याच्या जागी गुळगुळीत कापडाची पातळ गादी ठेवली की बसल्यावर दोन्ही पाय एकदम आत वळवता येतात. आणि गाडी नेहमी गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, एवढी दूर उभी करावी की दार पूर्ण उघडेल. अर्धवट उघडलेल्या दारातून अंग चोरून उतरतानाच गुडघ्याला पीळ बसतो.

आता धागाकर्त्यांच्या (खाडीकाठ यांच्या) कामातल्या दोन उणिवा सांगतो, राग मानू नये. पहिली अशी की, चार टायर बदलले आणि स्टेपनी जुन्या मापाची राहिली. ती घालून फक्त पंक्चरवाल्यापर्यंतच जावे, लांबचा प्रवास करू नये. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. एवढे सगळे केले, पण ब्रेक ऑइलचा उल्लेख कुठेच नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आपल्या हवेत तो भरपूर आहे. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबोली किंवा करूळ घाट पाच माणसे आणि सामान घेऊन उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रमला लायनर गंजाने चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाची उटी लावावी.


घाटवाट (चिपळूण) – २० मे

मी विम्याच्या दाव्यांचे काम पाहतो, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी आणि प्रमाणपत्रात नोंद आवश्यक आहे. सीएनजी किट मागाहून बसवले तर त्याचीही नोंद लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. पुढे लावायचे लोखंडी गार्ड तर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले. तसे गार्ड धडकेचा जोर शोषू देत नाहीत, एअरबॅगच्या सेन्सरला चुकवतात आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतात. आपल्या अरुंद रस्त्यांवर शाळेची मुले कडेने चालत असतात, हे विसरू नये.

खाडीकाठ यांची गाडी २०१३ ची आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने २०२८ मध्ये ती नूतनीकरणासाठी तपासणीला उभी राहील. ज्यांना गाडी त्यापुढेही ठेवायची आहे, त्यांनी आज करायचा प्रत्येक बदल त्या दिवशीच्या तपासणीत टिकेल का, असा विचार करून करावा. म्युझिक सिस्टिमसारखी विजेवर चालणारी वस्तू बसवल्यास तिचे बिल जपून ठेवावे आणि पॉलिसीत तिची वेगळी नोंद करून घ्यावी, अन्यथा तिची भरपाई मिळत नाही.


लालमाती (राजापूर) – २२ मे

हेडलाइटचे एलईडी बल्ब घातले असते तर रिलेचा खर्च वाचला असता, असे मला वाटते. वीजही कमी लागते. धागाकर्त्यांनी तो मार्ग का टाळला? तसेच दारातल्या शीटने खरोखर फरक पडतो का? मी स्पीकर बदलण्याच्या विचारात आहे. शेवटचे म्हणजे, आमच्या बागेत उंदरांचा फार उपद्रव आहे. गेल्या वर्षी बॉनेटखालच्या तारा दोनदा कुरतडल्या. नव्या वायरिंगला हा धोका अधिक नाही का?


खाडीकाठ (रत्नागिरी तालुका) – २४ मे

सर्वांचे मनापासून आभार. गॅरेजवाला यांनी दाखवलेली ब्रेक ऑइलची उणीव अगदी खरी आहे. काल ते बदलून घेतले. बाटलीत काढलेले जुने ऑइल चहासारखे तपकिरी होते.

लालमाती यांस : आमच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून, त्या आकारात निघत नाही, त्यामुळे तो रस्त्यावर पडण्याऐवजी विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर रात्री समोरून असे दिवे आले की, कडेने सायकलवरून जाणारा माणूस दिसेनासा होतो. तो त्रास मी रोज सोसतो आणि तोच दुसऱ्याला देण्याची माझी तयारी नाही. पावसात आणि धुक्यात पांढऱ्याशुभ्र उजेडापेक्षा हॅलोजनचा पिवळसर उजेड माझ्या डोळ्यांना कमी शिणवतो, हेही एक कारण आहे.

शीटने दार बंद होतानाचा पत्र्याचा खणखणाट गेला आणि स्पीकरचा आवाज भरीव झाला. मूळ स्पीकर तेच आहेत. त्यामुळे आधी शीट लावून पाहा, कदाचित नवे स्पीकर घ्यावेही लागणार नाहीत. मात्र स्पंज कधीही वापरू नका, तो दाराच्या आत पाणी पिऊन बसतो.

उंदरांचा धोका आमच्याकडेही आहे. मी रिलेच्या तारांवर जाड कोरुगेटेड पाइप चढवला आहे आणि एसीच्या हवेच्या तोंडाशी बारीक स्टीलची जाळी बसवली आहे. खरा उपाय म्हणजे गाडीत खाण्याचा कण राहू न देणे आणि पेट्या उतरवल्या की मागचे गवत-पेंढा त्याच दिवशी झाडून काढणे.


सुरंगी (वेंगुर्ले) – ३ जून

गॅरेजवाला यांनी सुचवलेली गादी शिवून घेतली. सासूबाई काल पहिल्यांदाच कोणाचाही हात न धरता गाडीत बसल्या. वायपरसाठी भंगारातले मागचे दार शोधते आहे.


खाडीकाठ (रत्नागिरी तालुका) – २१ सप्टेंबर

पावसाळ्यानंतरचा अहवाल देण्याचे मनात होते, तो देतो. या चार महिन्यांत गाडी ५,१०० किलोमीटर चालली. त्यात पाचदा आंबा घाट, एकदा आंबोली आणि गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी स्टेशनच्या अगणित खेपा झाल्या.

एक चूक माझ्या हातून झाली होती. ऑगस्टमध्ये ब्रेक लावला की, चालकाच्या दारातून कळशी हिंदकळावी तसा आवाज येऊ लागला. दाराचे आतले पॅड काढले तर मी चिकटवलेल्या शीटची खालची कड उष्णतेने सुटून पाणी जाण्याच्या भोकावर बसली होती आणि आत चार बोटे पाणी साठले होते. कड वर कापली आणि भोकातून तार घातली, तेव्हा तांबडे पाणी भळाभळा अंगणात आले. दाराच्या तळाशी गंजाची एक बारीक रेघ धरली होती. ती घासून प्रायमर लावला. ज्यांना हे काम घरी करायचे असेल त्यांनी शीट तळापासून किमान चार बोटे वरच थांबवावी आणि लावल्यानंतर लाकडी रोलरने दाबून घ्यावी. मी नुसत्या हाताने दाबली होती.

बाकी सर्व ठीक आहे. हेडलाइटची काच स्वच्छ आहे, रिलेचे कपलर उघडून पाहिले तर पितळ चकचकीत आहे. कोटिंग एका ठिकाणी दगड लागून नखाएवढे उडाले होते, तिथे पुन्हा हात दिला. टायर मोठे असल्याने पहिल्या गिअरमध्ये चढावर गाडी किंचित जड वाटते, आणि चार टायरच्या अशा आकारासाठी मी ते सोसायला तयार आहे. पाचवा त्याच मापाचा टायर गेल्या आठवड्यात घेतला, त्यामुळे खर्च चाळीस हजारांच्या वर गेला.

कव्हरांच्या बाबतीत सुरंगीताईंचे म्हणणे खरे ठरले. श्रावणात वास आला. सगळी कव्हरे उसवून त्यांना चेन लावून घेतली आहे.

सिलमधल्या मेणाचे काय झाले ते बाहेरून कळत नाही. तुळशीच्या लग्नानंतर हवा कोरडी झाली की, उजव्या बाजूचे रबरी बूच काढून आत दिवा धरणार आहे. जे दिसेल त्याचे छायाचित्र इथेच टाकतो.